काळ्या मातीचे थर आणि त्यांत अडकणारे सेंद्रिय आयन

हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः पूर्णा व कयाधू या नद्यांच्या खोऱ्यांत, काळी भारी जमीन विस्तीर्ण प्रमाणात आढळते. चैत्र-वैशाखात या जमिनीस हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे एकदोन मोठे पाऊस होताच त्या मिटून जातात. ही गोष्ट शेतकऱ्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिच्या कारणाचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः ज्या गुणामुळे ही माती फुगते व आकसते, त्याच गुणामुळे ती खतातील अमोनियम धरून ठेवते. त्याच गुणामुळे काही तणनाशके तिच्यावर पडताच निकामी होतात. आणि त्याच गुणामुळे दुसरी काही तणनाशके तिच्यात न अडकता पाण्याबरोबर खाली विहिरीच्या दिशेने जातात.

‘काळी माती सर्व विष पिऊन टाकते’ अशी एक समजूत गावोगाव ऐकू येते. ती अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच पूर्ण खोट्या समजुतीपेक्षा अधिक घातक आहे. तिचा खरा भाग कोणता व खोटा कोणता, हे मातीच्या कणाची घडण समजून घेतल्यावाचून कळावयाचे नाही.

कणाची घडण

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन जी चिकणमाती बनली तिच्यातील मुख्य खनिज स्मेक्टाइट वर्गाचे आहे. या वर्गातील सर्वांत परिचित खनिजास मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात. फ्रान्समधील मॉन्टमोरिलाँ या गावावरून १८४७ साली त्यास हे नाव मिळाले.

स्मेक्टाइटचा कण पोथीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांचा असतो. प्रत्येक पापुद्र्यात तीन पदर असतात. मधोमध ॲल्युमिनियमचा एक पदर व त्याच्या दोन्ही अंगांस सिलिकाचा एकेक. अशा एका पापुद्र्याची जाडी सुमारे ०.९६ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही किंचित कमी भरते. खनिज घडत असताना काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम किंवा सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसते. या अदलाबदलीत धनभार थोडा कमी पडतो व पापुद्र्यावर कायमचा ऋणभार राहतो. तो फेडण्यासाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे धनभारित आयन दोन पापुद्र्यांच्या मधल्या फटीत येऊन बसतात.

हे आयन तेथे कायमचे जखडलेले नसतात. पाणी मिळाले की ते आपल्याभोवती पाण्याचे रेणू गोळा करतात, फट रुंदावते आणि माती फुगते. कॅल्शियमयुक्त स्मेक्टाइटमध्ये एका पापुद्र्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ओलाव्यात सुमारे १.५ नॅनोमीटर होते. पाणी निघून गेले की ते पुन्हा १ नॅनोमीटरच्या आसपास येते. शेतातील भेगा हे या सूक्ष्म हालचालीचेच मोठ्या प्रमाणावरील रूप होय. अभ्रकाचीही घडण अशीच पापुद्र्यांची असते, परंतु त्याच्या फटीत पोटॅशियम घट्ट बसलेले असल्यामुळे ती उघडत नाही. कोकणातील जांभ्या जमिनीत आढळणाऱ्या केओलिनाइटच्या पापुद्र्यांवर भार जवळजवळ नसतोच, म्हणून तेथेही काही शिरत नाही.

हा फरक आकड्यांत पाहिल्यास चकित व्हावे लागते. शुद्ध स्मेक्टाइटची धनायन विनिमय क्षमता, म्हणजे अदलाबदलीस तयार असलेले धनभारित आयन धरण्याची शक्ती, १०० ग्रॅमला ८० ते १२० मिलि-इक्विव्हॅलंट असते. केओलिनाइटची ३ ते १५. एक ग्रॅम स्मेक्टाइटचे सर्व पापुद्रे सुटे करून पसरता आले, तर त्यांचे एकूण पृष्ठ सुमारे साडेसात गुंठे भरेल. भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असल्याने अशा संपूर्ण मातीची विनिमय क्षमता १०० ग्रॅमला सामान्यतः ४० ते ६० मिलि-इक्विव्हॅलंट आढळते. जमीन आरोग्य पत्रिकेवरील बारा घटकांत मात्र हा आकडा नसतो. तो हवा असल्यास निराळे परीक्षण करवून घ्यावे लागते.

येथे आणखी एक गैरसमज दूर केलेला बरा. जमीन काळी आहे म्हणजे तिच्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर आहे, असे नव्हे. आपल्याकडील कित्येक काळ्याभोर जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो. शिवाय कुजलेल्या द्रव्यातील ह्यूमस बहुतांशी ऋणभारित असल्यामुळे तो पापुद्र्यांच्या आत सहजी शिरत नाही. कॅल्शियमच्या मध्यस्थीने कणांस बाहेरून चिकटतो. काळ्या रंगावर विसंबून शेणखत टाळण्यास काही आधार नाही.

या ज्ञानाचा उगम

मातीच्या या शक्तीचा शोध प्रथम खताच्या निमित्ताने लागला. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील थॉम्पसन या जमीनदाराने मातीतून अमोनियम सल्फेटचे पाणी गाळले असता खाली कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्समचे द्रावण आले. अमोनियम मातीने ठेवून घेतले होते व त्याच्या बदली कॅल्शियम दिले होते. १८५० साली जे. टी. वे या रसायनज्ञाने पुष्कळ प्रयोग करून ही अदलाबदल मातीतील चिकण भागाकडून होते असे दाखविले. आज आपण युरिया देतो. तो मातीत प्रथम अमोनियम बनतो व तोपर्यंत धरला जातो. पुढे त्याचे नायट्रेट झाले की ऋणभारामुळे मातीची पकड सुटते. हप्त्याहप्त्याने नत्र देण्याच्या शिफारशीमागे हे एक कारण आहे.

कॅल्शियम किंवा अमोनियमऐवजी मोठा सेंद्रिय आयन दिला तर काय होते, हा प्रश्न पुढे विसाव्या शतकात हाती घेतला गेला. १९३४ साली सी. आर. स्मिथ यांनी निकोटिनासारखे सेंद्रिय आम्लारी बेंटोनाइट मातीत त्याच विनिमयाच्या रीतीने धरले जातात असे दाखविले. १९३९ साली गीसेकिंग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हे आयन खरोखर पापुद्र्यांच्या मध्ये जातात व मग मातीचे पाण्यात फुगणे कमी होते, हे सिद्ध केले. १९४९ साली जॉर्डन यांनी लांब शेपटीचे अमोनियम आयन घालून अशी माती तयार केली की जी पाण्यात न फुगता तेलकट द्रवांत फुगते. रंग, वंगण आणि तेलविहिरींच्या खोदकामासाठी लागणारे द्रव यांत अशा मातीचा उपयोग पुढे मोठ्या प्रमाणावर सुरू झाला.

तयार करण्याची रीत

कृषि महाविद्यालयाच्या किंवा शाळेच्या सुसज्ज प्रयोगशाळेत आपल्याच शेतातील मातीपासून असा पदार्थ करून पाहता येतो. नांगरटीच्या थराखालची माती घेऊन वाळवावी, कुटावी व २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळावी. आपल्या जमिनींत चुनखडी असते आणि ती पुढील सर्व क्रियांत अडथळा आणते. म्हणून सोडियम ॲसिटेट व ॲसेटिक आम्ल यांच्या ५ सामूच्या द्रावणात माती ऊन करून बुडबुडे थांबेपर्यंत चुनखडी काढावी. त्यानंतर हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय द्रव्य घालवावे. तीव्र आम्ल वापरून वेळ वाचविण्याचा मोह होतो, परंतु त्याने स्मेक्टाइटचे पापुद्रेच विरघळू लागतात.

यानंतर सुमारे ५० ग्रॅम माती एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात चांगली ढवळून उंच भांड्यात निवळत ठेवावी. जड कण लवकर बसतात. २ मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली जाण्यास ३० अंश तापमानात सहा ते साडेसहा तास घेतो. तेवढ्या वेळाने वरच्या १० सेंटिमीटरमधील गढूळ पाणी नळीने अलगद काढून घ्यावे. त्यात केवळ चिकण भाग असतो. पुरेसा माल जमेपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते. येथे घाई केल्यास बारीक पोयटा मिसळतो व पुढचा सर्व हिशेब चुकतो.

जमलेल्या चिकणमातीस प्रति लिटर ५८.५ ग्रॅम मीठ असलेल्या द्रावणाने तीन वेळा धुवावे, म्हणजे फटींतील कॅल्शियम निघून तेथे सोडियम येते. सोडियम आले की पापुद्रे सैल होतात व मोठ्या आयनास वाट मिळते. मग उरलेले मीठ शुद्ध पाण्याने धुऊन काढावे. धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरा साका येत नाही ना, हे पाहावे. मीठ कमी होताच माती पाण्यात तरंगू लागते व बसत नाही. यास्तव सेंट्रिफ्यूज यंत्र किंवा डायलिसिसची पिशवी हाताशी असणे आवश्यक आहे.

आता सेंद्रिय आयनाचे प्रमाण ठरवावयाचे. समजा, मातीची विनिमय क्षमता १०० ग्रॅमला ९० मिलि-इक्विव्हॅलंट आहे. तर १० ग्रॅम चिकणमातीस ९ मिलि-इक्विव्हॅलंट आयन लागेल. सेटिल ट्रायमिथिल अमोनियम ब्रोमाइडचा रेणुभार ३६४.५ असल्याने त्याचे वजन सुमारे ३.२८ ग्रॅम होते. हे द्रव्य कोमट पाण्यात विरघळवून, १० ग्रॅम माती एक लिटर पाण्यात ढवळत असताना थोडे थोडे घालावे व ६० अंशांच्या आसपास तापमान राखून काही तास ढवळत राहावे. बघता बघता मातीचे पुंजके होऊन ती खाली बसू लागते. गाळून, ब्रोमाइड संपेपर्यंत धुऊन, ६० अंशांवर वाळवून ती खलात कुटावी.

तयार झालेली भुकटी पाण्यात टाकली तर ती सहजी भिजत नाही. टोल्युइनसारख्या द्रवात मात्र फुगते. क्ष-किरणांनी मोजल्यास पापुद्र्यांचे अंतर, जे सोडियमयुक्त सुक्या मातीत १.२५ नॅनोमीटरच्या सुमारास होते, ते १.८ ते २ नॅनोमीटरपर्यंत वाढलेले दिसते. हिशेबापेक्षा अधिक द्रव्य घालू नये. अधिकाचे रेणू आधीच्या रेणूंच्या शेपटांस बिलगतात, कणावर उलट धनभार येतो आणि ते सैल रेणू पुढे पाण्यात सुटत राहतात. हे द्रव्य जलचरांस घातक आहे. धुवणाचे पाणी ओढ्यात किंवा शेततळ्यात सोडू नये. दूषित पाण्यातून फिनॉलसारखी द्रव्ये काढण्यास अशी माती उपयोगी पडते, तथापि शेतात टाकण्याचा हा पदार्थ नव्हे.

दोन रंगांचा प्रयोग

एवढी साधने नसलेल्या गावच्या शाळेत किंवा शेतकरी मंडळात त्याच तत्त्वाचा एक सोपा प्रयोग करता येईल. दोन नरसाळ्यांत गाळणकागद घालून प्रत्येकात मूठभर बारीक काळी माती भरावी. एकीवर मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचे फिकट द्रावण ओतावे, दुसरीवर इओसिन या लाल रंगाचे. पहिल्या नरसाळ्यातून पाणी स्वच्छ येते. दुसऱ्यातून लाल रंग खाली उतरतो. दोन्ही रंग सेंद्रिय आहेत, दोन्ही पाण्यात विरघळतात. फरक इतकाच की निळ्याचा आयन धनभारित आहे व लालचा ऋणभारित. निळा रंग अडकलेली माती नंतर कितीही पाण्याने धुतली तरी रंग सहसा सोडीत नाही. तिसऱ्या नरसाळ्यात धुतलेली जाड वाळू घेतल्यास तीतून निळा रंगही थोड्याच वेळात उतरू लागेल.

आमच्या मते तणनाशकांच्या प्रत्येक प्रशिक्षण वर्गात भाषणाआधी हा प्रयोग करून दाखवावा.

तणनाशकांचे वर्तन

पॅराक्वाट हे तणनाशक त्या निळ्या रंगाप्रमाणे वागते. १९६२ साली इंग्लंडमधील कंपनीने ते बाजारात आणले. त्याच्या आयनावर दोन धनभार असून त्याचा रेणू सपाट आहे. त्यामुळे तो स्मेक्टाइटच्या दोन पापुद्र्यांमध्ये नेमका बसतो व सहजी बाहेर येत नाही. हेक्टरी अर्धा किलो सक्रिय घटक फवारला, असे धरू. त्याचे सुमारे साडेपाच इक्विव्हॅलंट होतात. भारी जमिनीच्या केवळ वरच्या एक मिलिमीटर थराचे वजन हेक्टरी १२ टनांच्या घरात असून त्याची विनिमय क्षमता सुमारे ६,००० इक्विव्हॅलंट भरते. म्हणजे संपूर्ण मात्रा त्या पातळ थराच्या शक्तीचा हजारावा हिस्साही व्यापीत नाही. यामुळेच हे औषध फक्त पानांवर पडलेल्या ठिकाणी काम करते. जमिनीवर पडलेले मुळांना मिळत नाही.

परंतु निष्क्रिय होणे म्हणजे नष्ट होणे नव्हे. पापुद्र्यांत शिरलेल्या रेणूपर्यंत जिवाणू पोचू शकत नाहीत. त्यामुळे तो तेथे वर्षानुवर्षे टिकतो. जमिनीची धूप झाली तर मातीबरोबर तोही ओढ्यानाल्यांतून पुढे जातो. बांधबंदिस्तीचे महत्त्व येथेही आहेच.

या गुणाचा प्रत्यक्ष तोटा होतो तो फवारणीच्या पाण्यात. पावसाळ्यात जवळच्या ओढ्याचे गढूळ पाणी पंपात भरले जाते. पाचशे लिटर पाण्यात वरील मात्रा मिसळली असता प्रत्येक लिटरात सुमारे १०.७ मिलि-इक्विव्हॅलंट पॅराक्वाट असते. पाण्याच्या प्रत्येक लिटरात तीन ग्रॅम स्मेक्टाइट चिकण तरंगत असेल, तर ती सुमारे २.७ मिलि-इक्विव्हॅलंट धरून ठेवील. एवढा, म्हणजे पाव भाग औषध पंपातच निकामी झाले. मग तण मरत नाही, औषध बनावट होते असा बोल दुकानदारास लावला जातो आणि मात्रा वाढविली जाते. ग्लायफोसेटची रासायनिक वागणूक निराळी आहे. ते मुख्यतः लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांस आणि कणांच्या कडांस चिकटते. परंतु गढूळ पाण्याने त्याचाही प्रभाव उणावतो. पाणी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे घ्यावे; तसे नसल्यास पिंपात रात्रभर निवळवून वरचे फडक्यातून गाळून घ्यावे. केवळ गाळून भागत नाही, कारण चिकणमातीचे कण कापडातून सहज पार होतात.

याउलट २,४-डी हे लाल रंगाप्रमाणे वागते. आपल्या जमिनींचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो, अशा स्थितीत ते ऋणभारित होते व ऋणभारित पापुद्रे त्यास जवळ येऊ देत नाहीत. उबदार, ओलसर जमिनीत जिवाणू त्याचे काही आठवड्यांत विघटन करतात, ही त्यातील समाधानाची बाजू. परंतु फवारणीनंतर लगेच मोठा पाऊस झाला, किंवा पंप विहिरीच्या काठावर धुतला, तर भेगांतून व पाण्याबरोबर ते खाली जाण्यास काळी माती अडथळा करीत नाही. ‘माती विष पिते’ ही समजूत येथे अगदी खोटी ठरते. सोयाबीनमध्ये वापरल्या जाणाऱ्या इमाझेथापीरचेही तसेच आहे. ते विम्लधर्मी जमिनीत कणांस फारसे चिकटत नाही, आणि त्याचा नाश मुख्यतः जिवाणूंवर अवलंबून असतो. पाऊस लवकर उघडून जमीन कोरडी पडली तर जिवाणूंचे काम मंदावते व शिल्लक अंश रब्बीतील मोहरीसारख्या संवेदनशील पिकास बाधू शकतो. वेष्टनावर पुढील पिकाबद्दल दिलेली सूचना यासाठी वाचावयाची असते.

ऋणायन धरणारे थर निसर्गात मुळीच नाहीत, असे मात्र नाही. नॉर्वेमध्ये १८४२ साली आढळलेल्या हायड्रोटाल्साइटचे पापुद्रे मॅग्नेशियम व ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडचे असून त्यांवर धनभार असतो. या दोन धातूंच्या नायट्रेटांचे मिश्र द्रावण, सामू १० च्या आसपास राखून, अल्कलीत थेंबथेंब सोडले की असे थर तयार होतात. त्याच वेळी द्रावणात २,४-डी असल्यास ते मध्ये जाऊन बसते. हवेतील कार्बन डायॉक्साइड मात्र कटाक्षाने दूर ठेवावा लागतो, कारण कार्बोनेट ती जागा आधी बळकावते. औषध हळूहळू सुटावे यासाठी असे प्रयोग अनेक देशांत झालेले आहेत. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत, जेथे बायकार्बोनेट विपुल आहे, तेथे ते प्रयोगशाळेतील मापापेक्षा जलद सुटण्याचा संभव आहे. आपल्याच मातीत चाचणी झाल्यावाचून अशा मालाच्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

विषबाधेसंबंधी

पॅराक्वाट पोटात गेल्यास त्यावर खात्रीचा उतारा नाही. एखाद-दुसरा घोटही प्राणघातक ठरू शकतो. मुलतानी माती व बेंटोनाइट यांच्या थरांत ते अडकते, म्हणून रुग्णालयांत या मातींचा किंवा सक्रिय कोळशाचा उपयोग केला जात आला आहे. परंतु माती पकडते ते पोटात असलेल्या विषास. रक्तात गेलेल्यास नव्हे. काही तासांतच ते रक्तात उतरते. सबब घरी माती शोधण्यात अथवा रुग्णास वांती करविण्यात वेळ दवडू नये. शेतातील माती कालवून पाजू नये. औषधाच्या बाटलीसह त्यास तत्काळ जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि कोणते औषध, किती व केव्हा गेले हे डॉक्टरांस सांगावे. सुरुवातीस रुग्ण बरा दिसतो, चालतो-बोलतो. त्यावर विसंबून परत घरी आणू नये, कारण फुप्फुसांची हानी काही दिवसांनी दिसू लागते.

हे औषध पाण्याच्या किंवा पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. ते मूळ वेष्टनातच, कुलपात, मुलांच्या हातास लागणार नाही असे ठेवावे. ज्या पिकांसाठी व ज्या रीतीने त्याची नोंदणी झाली आहे त्याव्यतिरिक्त वापरू नये. पंप धुण्यासाठी विहीर, ओढा व जनावरांचे पाणी यांपासून दूरची, पाणी वाहून न जाणारी जागा निवडावी. पॅराक्वाट मारलेल्या पंपाचे धुवण तेथील काळ्या मातीत अडकून राहील. २,४-डीच्या धुवणाची तशी खात्री नाही. ते तीन वेळा थोड्याथोड्या पाण्याने विसळून त्याच शेतात, त्याच पिकाच्या फवारणीत संपवावे. २,४-डीसाठी वापरलेला पंप कपाशीसाठी मुळीच घेऊ नये. त्याचा अत्यल्प अंशही कपाशीची पाने वाकडी करण्यास पुरतो.